डुकराच्या केसांचा ब्रश

"हा ब्रश खोटा आहे, की तुम्ही खोट्या आहात, अक्का?"

हेमलतानं चप्पलसुद्धा काढली नव्हती. उंबऱ्यात उभं राहूनच तिनं ब्रश आत भिरकावला. तो घसरत जाऊन लगमाक्काच्या गुडघ्याला लागला.

लगमाक्का सोनारांसाठी कुंचे बांधत बसली होती. तिनं ब्रशकडं बघितलं, हेमलताकडं बघितलं, आणि हातातल्या कुंच्याची गाठ आधी पुरी केली.

"चप्पल काढ," ती म्हणाली.

आता ही हेमलता म्हणजे काही साधीसुधी बाई नव्हे. तालुक्याच्या गावात तिचं ब्यूटी पार्लर, भिंतीवर काचेच्या चौकटीत सात प्रमाणपत्रं, आणि लग्नसराईत नवऱ्या मुलींची रांग. तरी गेलं वर्षभर, पार्लर बंद असतं त्या सोमवारी, ती बसनं या वस्तीवर यायची आणि केसांचं शिकायला लगमाक्कापुढं बसायची. शिकायची म्हणजे निम्मं ऐकायची. उरलेलं निम्मं आपल्याला ठाऊकच आहे, असं तिला वाटायचं.

लगमाक्काच्या डोक्यावर अकराव्या वर्षी जट आली होती. घरच्यांनी तिला डोंगरावरच्या देवीला सोडलं, गळ्यात मणी बांधले, हातात परडी दिली. चाळीस वर्षं तिनं दारोदार जोगवा मागितला. मग एका सकाळी तिनं ती जट आपल्याच हातानं कापली, परडी नदीत सोडली आणि शेजारच्या वस्तीतून डुकरांचे केस विकत आणून कुंचे बांधायला बसली. डोक्यावरचा पदर मात्र ती कधी खाली पडू देत नसे.

"आता बोल," लगमाक्का म्हणाली.

"काय बोलू? माझ्या भाचीचं वाटोळं होतंय!"

आणि हेमलता बोलायला लागली ती थांबेचना.

भाची म्हणजे प्रणाली. तेरा वर्षांची. आई लहानपणीच गेलेली, बाप ट्रकवर, म्हणून आजीनं वाढवलेली. ही आजी म्हणजे हेमलताची आई, आनुबाई. पोरीचे केस गुडघ्यापर्यंत. शाळेत सगळ्या मुली हात लावून बघायच्या. दोन महिन्यांपूर्वी पोरीला विषमज्वर झाला. बावीस दिवस दवाखान्यात. त्या बावीस दिवसांत केसांना फणी नाही, तेल नाही, नुसता घाम. पोरगी वाचली, घरी आली, आणि मानेवर हा एवढा मनगटाएवढा घट्ट गुंता.

"आणि आई म्हणते, देवी आली! कापायचं नाही, विंचरायचं नाही, हात लावायचा नाही! येत्या पौर्णिमेला डोंगरावर नेणार. जट पुजणार. गळ्यात मणी बांधणार. शाळा बंद! आज काय वार? सोमवार. पौर्णिमा पुढच्या मंगळवारी. आठ दिवस राहिलेत, अक्का, आणि तुम्ही कुंचे बांधत बसलाय!"

"कात्री लावायची."

"लावणार नव्हते होय? आईनं पोरीचं डोकं मांडीवर दाबून धरलं. म्हणाली, विहीर जवळच आहे. बरं, पोरगीही म्हणते, आत्ती, केस नको गं कापू. मी म्हटलं पोलिसात जाईन. तर आई म्हणते, जा की, पोलीस काय रोज हिच्या डोक्यापाशी बसणार हाईत?"

"मग?"

"मग काय! गेल्या सोमवारी तुम्हीच म्हणालात ना, लांब केसांना खऱ्या केसांचा ब्रश घे, डुकराच्या? शहरात जाऊन घेतला. आई भजनाला गेली की लपूनछपून दोन दिवस पोरीला घेऊन बसले. मूठभर केस हातात आले! पोरगी रडायला लागली, आईनं दारातून बघितलं, आणि झालं… देवी कोपली म्हणे! आता तर ती मला घरात घेत नाही. दुकानदारानं प्लॅस्टिकचा गळ्यात मारला मला. दुसरं काय?"

लगमाक्कानं ब्रश उचलला. त्यातला एक केस उपटला. उजेडाला धरून त्याचं टोक बघितलं. टोकाशी तो दोन धाग्यांत फाटलेला होता. मग चुलीतलं कोलीत ओढून तिनं तो केस त्याला लावला.

केस चुरचुरला. केस जळल्याचा उग्र वास आला. बोटांत काळी राख राहिली.

"प्लॅस्टिक वितळून गोळी होती," ती म्हणाली. "ह्याची राख झाली. ब्रश खरा हाय."

हेमलताचं तोंड पडलं. दुकानदाराला काय काय ऐकवायचं, हे तिनं बसमध्ये मनाशी घोकून ठेवलं होतं.

"केस कोरडे हुते?"

"ओले करून घेतले. गुंता सैल व्हायला."

"आन ब्रश लावलास."

"मग ब्रश कशाला असतो? विंचरायलाच ना?"

"न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

लगमाक्कानं ब्रश आपल्या तळहातावर उलटा ठेवला.

"गुंता सुटल्यावरचा हाय ह्यो. मुळाशी तेल असतंय, ते टोकापतूर न्यायचं ह्याचं काम. गुंत्यात घातलास तर केस तोडतोय. ओल्यात घातलास तर जास्तच तोडतोय."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"घे म्हणाल्यावर उठून पळालीस. वापर कसा, इचारलंस?"

हेमलताच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिच्या हाताखाली चार मुली शिकून गेल्या होत्या. आपण भाचीचे केस आपल्याच हातानं तोडले, हे तिला कबूल करवेना, आणि ते खोटं आहे असंही म्हणता येईना.

"मग गुंता कशानं सुटतो?" तिनं कुरकुरत विचारलं.

"बोटानं."

"ठीक आहे. मी बोटांनी सोडवते. तुम्ही फक्त आईला समजवा. चार शब्द चांगले खडसावून सांगा. तुम्ही देवीच्या होतात, तुमचं ऐकेल ती."

लगमाक्का उठली. पदर नीट केला.

"चल," ती म्हणाली.

आनुबाईनं लेकीला बघितलं आणि दार लोटायला हात घातला. पण मागं, पूर्वी दारी जोगवा मागायला येणारी लगमाक्का दिसली, तशी ती धावत बाहेर आली आणि पायांवर डोकं टेकलं.

"अक्का! तुमीच आलासा! बघा हो माझ्या पोरीला, आणि सांगा ह्या शिकलेल्या बाईला देवी हाय का न्हाई त्ये!"

प्रणाली भिंतीला टेकून बसली होती. हातात शाळेचं पुस्तक होतं, पण ते बंद होतं. लगमाक्का तिच्यापुढं गेली, वाकली आणि दोन्ही हात जोडले.

हेमलता चरफडली. यासाठी आणली मी हिला? चाळीस वर्षं परडी वाहिलेली बाई शेवटी तिकडचीच निघाली! तिनं तोंड उघडलं, पण लगमाक्कानं तिच्याकडं बघितलंच नाही.

"आनुबाई, देवीला वटीत काय घालतीस?"

"खण, नारळ, हळद-कुंकू… फणी-करंडा."

"फणी कशाला?"

आनुबाईनं देव्हाऱ्याकडं बघितलं.

"देवीचं केस विंचराय घालतीस न्हवं? मग ही देवी असंल तर हिला फणी का न्हाई?"

"जटंला हात लावायचा नसतोय, अक्का… तुमाला म्या काय सांगू? तुमच्या जटंला कुणी हात लावला हुता का?"

"न्हाई," लगमाक्का म्हणाली. "चाळीस वरसं कुणी लावला न्हाई."

आणि तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला.

वर्षभर तिच्यापुढं बसलेल्या हेमलतानंही ते डोकं कधी बघितलं नव्हतं. कपाळापासून माथ्यापर्यंत एक केस नव्हता. जटेच्या वजनानं ओढून ओढून कातडं चकचकीत झालं होतं आणि माथ्यावर हाताच्या पंजाएवढा जुना व्रण होता. कडेनं तेवढी पांढरी लव उरलेली.

प्रणालीनं बघितलं आणि आपल्या मानेवरच्या गुंत्यावर हात नेला.



"एक कर," लगमाक्का पदर घेत म्हणाली. "जट देवीची असंल तर मानसाच्या बोटानं सुटायची न्हाई. सुटली तर गुंता. न सुटली तर देवी. मंजूर?"

"आणि न सुटली तर?" हेमलता ओरडली. "अक्का, तुम्ही काय पैज लावताय पोरीच्या डोक्यावर?"

"न सुटली तर न्हाई सुटली."

"मंजूर," आनुबाई म्हणाली. "पर ही न्हाई हात लावायची. हिनं मूठभर उपटल्यात."

"तूच लाव," लगमाक्का म्हणाली.

हेमलतानं कपाळावर हात मारून घेतला. चोराच्या हातात किल्ल्या! आई काय मनापासून सोडवणार आहे थोडीच? दोन दिवस बोटं फिरवल्याचं नाटक करील आणि म्हणेल, बघा, सुटत नाही! ती लगमाक्काला कोपऱ्यात ओढून हेच म्हणाली.

"बस आन बघ," लगमाक्का म्हणाली.

आनुबाईनं खोबरेल कोमट केलं. देवाला दिवा लावला. मग पोरीला पुढ्यात घेऊन बसली आणि तिनं गुंत्याला हात लावला. त्याआधी तिनं हात दोनदा मागं घेतला होता. तिला खरंच भीती वाटत होती, हे हेमलतालाही दिसलं, पण तिचा राग काही कमी झाला नाही.

पहिला तास तसाच गेला. आनुबाई नुसतं तेल जिरवत राहिली. हेमलता मनातल्या मनात म्हणत होती, बघा, मी सांगत होते.

मग पोरगी "आई गं" म्हणाली.

हलकंच म्हणाली, पण आनुबाईचा डावा हात आपोआप वर गेला आणि तिनं केस मुळाशी घट्ट मुठीत धरले, म्हणजे खालची ओढ डोक्याला लागू नये. इतकी वर्षं रोज सकाळी हा हात असाच वर जात होता. त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. मूठ वर, आणि खाली उजव्या हाताची दोन बोटं टोकाकडून एकेक केस सुटा करत चाललेली.

देवी की गुंता, हे ती विसरूनच गेली. पोरीला दुखू द्यायचं नाही, एवढंच तिच्या बोटांना कळत होतं.

संध्याकाळपर्यंत बोटभर गुंता मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी वीतभर. तिसऱ्या दिवशी आनुबाई सकाळीच बसली, जेवायलाही उठली नाही. लगमाक्का तिन्ही दिवस उंबऱ्याशी बसून होती. मदत करत नव्हती की काही बोलत नव्हती. हेमलतानं पार्लरला कुलूप लावलं होतं. तिच्या हातांना काम नव्हतं, आणि तिला हे फार लागत होतं.

"मी दहा मिनिटांत…" असं ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा लगमाक्कानं तिला बोटानं खाली बसवलं.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना शेवटची गाठ सुटली. आनुबाईनं फणी घेतली, टोकापासून वर वर नेत सगळे केस मोकळे केले. फणी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत कुठंही न अडता गेली.

"गुंताच हुता," आनुबाई पुटपुटली.

हेमलतानं प्रणालीला उचलूनच घेतलं. "सांगत होते ना मी! पहिल्या दिवसापासून सांगत होते!"

लगमाक्कानं ब्रश पुढं केला. "आता ह्यो. कोरड्या फडक्यानं तेल टिप, आन मग मुळापासनं टोकापतूर. सावकाश. दाबायचं न्हाई."

आनुबाईनं ब्रश हातात घेतला, केसांवरून बोट फिरवलं. "मऊ हाय. कशाचं केस हो?"

हेमलता मधेच पुढं सरकली. "घोड्याचे," ती झटकन म्हणाली.

"डुकराचे," लगमाक्का म्हणाली.

आनुबाईच्या हातातून ब्रश गळाला. "अगं बाई! देवाम्होरं बसून…"

"झालं!" हेमलता फिरलीच. "अक्का, एक खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"देवीम्होरं चौंडकं वाजतंय, त्याला कातडं कशाचं?" लगमाक्कानं आनुबाईला विचारलं.

"बोकडाचं."

"ते चालतंय न्हवं?"

आनुबाईनं थोडा वेळ ब्रशकडं बघितलं. मग उचलला, पदरानं पुसला आणि पोरीच्या माथ्यावर ठेवला. एक हात मुळापासून टोकापर्यंत. मग दुसरा. पाच-पंचवीस हात फिरल्यावर केसांवर आजारापूर्वीची चमक दिसायला लागली. प्रणालीनं डोळे मिटून घेतले होते.

आणि आनुबाईचा हात थांबला.

"पर म्या शब्द दिलाय, अक्का."

"कसला शब्द?" हेमलतानं विचारलं.

"तुला काय ठाव!" आनुबाई एकदम कडाडली. "बावीस दिवस पोरगी दवाखान्यात, त्यात तू किती यळा आलीस? दोनदा! शहाळं घिऊन! लग्नाच्या आर्डरी हाईत म्हणालीस! अठराव्या दिवशी डाक्टर म्हणाला, ह्यो ताप आता आमच्या हातात न्हाई. मी एकटी हुते. कुणाला सांगू? देवीला म्हणलं, माझी पोरगी ठेव, डोस्कं तुझं. एक डोस्कं तुझ्या पायाशी वाहते. तिनं ठेवली. मग गाठ दिसली, तवा मला वाटलं, मागाय आलीया… आता ती मागंल तर म्या काय तोंड दाखवू?"

 हेमलता दोनदाच गेली होती, हे खरंच होतं. पण ते आईच्या तोंडून ऐकताना तिला लाज कमी वाटली आणि राग जास्त आला.

"म्हणून पोरीला देणार? त्या शब्दापायी? अक्का, सांगा तिला, असला शब्द पाळायचा नसतो! मोडायचा असतो!"

लगमाक्कानं हेमलताला हातानंच गप्प केलं.

"शब्द कुणी दिला, आनुबाई?"

"म्या."

"पोरीनं दिला?"

"ती शुद्धीवर नव्हती."

"मग डोस्कं कुणाचं द्याचं?"



दिव्याची वात तडतडली… कोपऱ्यात मांजर उठून दुसऱ्या जागी बसलं…

मग आनुबाईनं ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही हात मागं नेले. अंबाड्यातला एकेक आकडा काढला आणि प्रणालीच्या तळहातावर ठेवला. पांढरे केस कमरेपर्यंत सुटले. साठीतही दाट होते.

"आजपासनं ह्या केसाला मी हात लावणार न्हाई," ती देव्हाऱ्याकडं बघून म्हणाली. "तेल न्हाई, फणी न्हाई. जट यायची ती येऊ दे. डोस्कं तुझं."

तिच्या तोंडावर दोन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटल्यासारखं दिसलं. प्रणाली रडायला लागली.

हेमलताच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

"वा, अक्का, वा! हे शिकवलंत? एकीच्या डोक्यावरचं काढून दुसरीच्या डोक्यावर ठेवलंत? आपल्या टाळूचं काय झालं ते दाखवलंत ना तिला? आणि आता माझ्या आईच्या डोक्याचं तेच होऊ देणार? म्हातारपणी तिची मान मोडेल त्या जटेनं! आणि तिला काही सांगायला जावं तर देवीला दिलेला शब्द! तो ती मोडणार नाही, मला ठाऊक आहे ना, मरेल पण मोडणार नाही! यासाठी मी तुमच्या पाया पडत आले होते? बोला! आता का गप्प बसलात? बोला ना!"

लगमाक्का उठली. चप्पल शोधली. मग खाली ठेवलेला ब्रश उचलून तिनं हेमलताच्या हातात ठेवला आणि तिची मूठ वरून मिटली.

"केसाला हात न लावायचा शब्द तिनं दिलाय," ती म्हणाली. "तू कुठं दिलायस?"